हात लावायचा कटला

मित्रांनो, भिगवणला दगडाबाईंच्या घरी कधी आलात, तर दारातून आत शिरताच उजव्या हाताला लाकडी फळीवर एक जुना कटला मासा दिसेल. तोंड मोठं, अंग भलं थोरलं, आणि रंग पार उडालेला. तो मीच. घाबरू नका, मी चावत नाही. जिवंत होतो तेव्हाही चावत नव्हतो, आणि आता तर माझ्या पोटात भूकच नाही. तिथे भुसा आहे, आणि मूठभर पेंढा आहे. तो पेंढा कुठून आला ते ओघात सांगेनच.

माझा जन्म नदीतला नाही. हे सांगायची मला पूर्वी लाज वाटायची. मी जन्मलो सिमेंटच्या टाकीत, लाखभर भावंडांबरोबर. तुमच्या करंगळीएवढा झालो तेव्हा हवा भरलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून मला उजनी धरणाच्या पाण्यात सोडायला आणलं. त्या वयात आम्हाला बोटुकली म्हणतात. पिशवी उघडली तशी सगळी भावंडं पुढे पळाली आणि पुढे टपून बसलेल्या मरळींनी त्यांतली निम्मी गिळली. मी वाचलो तो हुशारीने नव्हे. मी मुळातच आळशी, म्हणून मागे राहिलो होतो.

धरणाच्या फुगवट्यातलं पाणी मोठं लहरी असतं. उन्हाळ्यात मागे सरतं, मग बुडालेल्या विहिरींचे काठ आणि घरांची जोती उघडी पडतात. पुढे कधीतरी पुन्हा सगळं झाकून टाकतं. हिवाळ्यात गुलाबी पायांचे रोहित पक्षी येतात आणि त्यांना बघायला गळ्यात कॅमेरे अडकवलेली माणसं येतात. माझ्याकडे कोणी बघत नसे. आम्हा कटल्यांचं तोंड वरच्या बाजूला उघडतं, त्यामुळे आम्ही पाण्याच्या वरच्या थरातच चरतो. सदा वर तोंड करून फिरतो म्हणून बाकीचे मासे मला गर्विष्ठ समजत. थोडा होतोही. बारा वर्षांत मी सत्तावीस किलोंचा झालो होतो, आणि एवढं वजन अंगावर असल्यावर थोडा ताठा येतोच.

मग एका सकाळी मी गेणबांच्या जाळ्यात सापडलो.

गेणबा भिगवणचे जुने मासेमार. त्यांच्या पत्र्याच्या होडीत मी इतका आपटलो, की होडी एका बाजूला कलली. गेणबांनी मला काठीने मारलं नाही. त्यांनी माझ्या उजव्या कुशीवर तळहात ठेवला आणि मी शांत होईपर्यंत तो उचलला नाही. मित्रांनो, मरणाची गोष्ट मी तुम्हाला फार सांगणार नाही. एवढंच सांगतो, की त्या वेळी अंगावर हात असला तर बरं वाटतं.

तेव्हाच मला एक गोष्ट चमत्कारिक वाटली. ऊन लख्ख पडलं होतं, तरी गेणबा मला नीट पाहत नव्हते. त्यांनी आधी मान वळवून माझा डोळा पाहिला. मग मान आणखी वळवून माझे कल्ले पाहिले. शेपटीपर्यंत यायला त्यांना बराच वेळ लागला. सगळा मी त्यांना एकदम दिसतच नव्हतो. गेणबांना काचबिंदू झाला होता. नजर बाजूंनी मिटत मिटत आली होती आणि आता नळीतून बघावं एवढंच जग उरलं होतं. गेलेली नजर परत येणार नाही आणि उरलेलीही फार टिकणार नाही, असं बारामतीच्या डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं. हे फक्त त्यांच्या बायकोला, दगडाबाईंना, ठाऊक होतं. बाजारात कळलं असतं तर त्यांच्याबरोबर होडीत बसायला कोण तयार झालं असतं?

मासळीच्या लिलावात मला ठेवलं तेव्हा गर्दी जमली. हायवेवर मच्छीचं हॉटेल चालवणारे दादासाहेब तर माझ्यावरून नजर काढेनात. पण बोली सुरू व्हायच्या आत गेणबांनी सांगून टाकलं, की हा मासा विकायचा नाही, ह्याच्यात पेंढा भरून घरी ठेवायचा आहे. अख्खा बाजार हसला. सगळ्यांत जास्त चिडल्या त्या दगडाबाई. तीस वर्षं त्याच बाजारात बसून त्यांनी मासे विकले होते. मासा एक तर विकायचा, नाही तर खायचा, हे त्यांचं सरळ गणित.

"मासा काय दावणीला बांधायचाय व्हय?" त्या म्हणाल्या.

गेणबा त्यांच्या कानाशी वाकले. "ह्यो माझा शेवटचा हाय," ते म्हणाले. "दिसायचं बंद झाल्यावर एक तरी मासा हाताशी असू दे."

घरी आल्यावर बर्फ आणायला दगडाबाईच गेल्या. शेजारणीने विचारलं तेव्हा त्यांनी आपल्या जुन्या म्हशीची गोष्ट सांगितली. तिचं रेडकू गेलं तेव्हा म्हैस दूधच सोडेना. मग सासऱ्यांनी रेडकाच्या कातड्यात पेंढा भरून ते तिच्यापुढे उभं केलं. म्हैस ते चाटायची आणि पान्हा सोडायची. शेजारीण म्हणाली, मुकं जनावर, त्याला काय कळतंय. "कळत असंल की तिला," दगडाबाई म्हणाल्या. "पर चाटायला कायतरी पायजे हुतं."

दोन दिवसांनी थर्माकोलच्या पेटीत बर्फावर पडून मी बारामतीला निघालो. माझ्याबरोबर गेणबा, दगडाबाई आणि एक पोतंही होतं.

बारामतीच्या कसब्यात चाँदभाई राहत. ते कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत नोकरीला होते आणि तिथेच ही कला शिकले होते. दारावर त्यांनी स्वतःच्या हाताने रंगवलेली पाटी होती : येथे पशुपक्ष्यांत पेंढा भरून मिळेल. पूर्वी त्यांच्याकडे सांबरांची मुंडकी, बिबट्यांची कातडी असलं काय काय डागडुजीला येई. शिकारीला कायद्याने बंदी आली आणि जुन्या शिकाऱ्यांची नातवंडंही ती मुंडकी भिंतीवरून उतरवू लागली, तसं ते काम आटलं. आता कुणाचा लाडका पोपट, कुणाचा झुंजीतला कोंबडा, आणि पुण्याच्या हौशी लोकांनी गळाला लावलेले मासे. एकदा कोणी मेलेला रोहित पक्षी पिशवीत घालून आणला, तर चाँदभाईंनी त्याला दारातूनच वनखात्याचा पत्ता सांगितला.

दगडाबाईंनी माझी पेटी खाली ठेवली आणि पोतं त्यांच्यापुढे सरकवलं. चाँदभाईंनी तोंड सोडून पाहिलं, तर आत भाताचा पेंढा. आमच्याकडे सगळा ऊस. भाताचा पेंढा मिळतो कुठे? बाईंनी तो भोरकडच्या नात्यातून मागवला होता. चाँदभाई हसले. आता पेंढा कोणी भरत नाही वहिनी, ते म्हणाले, पाटीवर नुसता शब्द राहिलाय. दगडाबाईंचा चेहरा उतरला. पाटीवर लिहिता आणि वर हसता, असं त्या पुटपुटल्या. चाँदभाई भला माणूस. त्यांनी पोत्यातला मूठभर पेंढा काढून बाजूला ठेवला आणि हा घालतोच, म्हणून शब्द दिला.

मग त्यांनी प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारायचा प्रश्न विचारला. दर्शनी बाजू कुठली ठेवायची? माशाची एक बाजू भिंतीकडे जाते. चिरायचं, शिवायचं ते सगळं त्या बाजूने करतात, आणि दुसरी बाजू लोकांनी बघायची. गेणबा म्हणाले, दोन्ही बाजू पाहिजेत, भिंतीला लावायचाच नाही. चाँदभाईंना वाटलं, म्हातारा हौशी दिसतोय. गेणबांनी बायकोच्या खांद्यावर हात ठेवला होता, तो कशासाठी हे काही त्यांच्या ध्यानात आलं नाही. नवरा-बायकोनेही सांगितलं नाही. माणसाला आपली उणीव सांगणं फार जड जातं, मित्रांनो, आणि पुढचा सगळा घोटाळा तिथूनच झाला.

चाँदभाईंनी मला पोटाखालून चिरलं. मांस काढलं, कातडं मीठ, तुरटी आणि टाकणखार लावून वाळवलं. आत लाकडाचा सांगाडा घातला, भुसा ठासला, आणि दिलेल्या शब्दाप्रमाणे तो मूठभर पेंढाही. सोनेरी कड्याचे काचेचे डोळे बसवले. मेल्यावर माशाचा रंग उडतो, मागे फक्त मातकट कातडं उरतं. म्हणून जिवंत कटल्याची पाठ कशी करडी असते आणि कुशीवर गुलाबी झाक कुठून सुरू होते ते बघायला चाँदभाई तीनदा एसटीने भिगवणला जाऊन आले. मग रंग. रंगावर व्हार्निश, एकावर एक पाच हात. समोर कपाटाचा आरसा होता. खोटं कशाला बोलू, मी स्वतःच्या प्रेमात पडलो. पाण्यात असताना मी इतका देखणा कधीच नव्हतो.

बातमी ऐकून दादासाहेब बघायला आले आणि बघतच राहिले. गेणबांनी मन बदललं तर हॉटेलच्या काउंटरवर काचेची पेटी करतो, म्हणाले, आणि खाली चाँदभाईंचं नाव आणि फोन नंबर मोठ्या अक्षरांत. पुणे-सोलापूर रस्त्याने जाणारं अर्धं जग ते वाचणार. चाँदभाईंना आयुष्यात एवढा मान कोणी देऊ केला नव्हता.

आणि मग गेणबा मला न्यायला आले.

चाँदभाईंनी माझ्यावरचं फडकं ओढलं आणि कौतुक ऐकायला उभे राहिले. गेणबांचं तोंड जरा भलतीकडेच होतं. त्यांनी हात पुढे केला, चाचपडत माझ्या डोक्यावर ठेवला आणि शेपटीपर्यंत नेला. मग शेपटीकडून उलटा डोक्याकडे नेला. पुन्हा नेला.

"चाँदभाई," ते म्हणाले, "ह्यो माझा मासा न्हाय."

चाँदभाईंच्या कपाळाची शीर उडाली. तीन महिन्यांची मेहनत होती ती. मी दुसऱ्याचा मासा देईन का, ते म्हणाले, आणि रागाच्या भरात पुढचंही बोलून गेले. "जरा डोळे उघडून बघा तरी."

मग दगडाबाईंनीच सांगितलं. "डोळं उघडंच हायेत, भाऊ. त्येनला धड दिसत न्हाय."

चाँदभाई मटकन स्टुलावर बसले. गेणबाच उलट त्यांना समजावू लागले. रंग चांगला असंल, त्यात शंका न्हाय, ते म्हणाले. "पर मासा डोक्याकडनं शेपटीकडं गुळगुळीत लागतो. उलटा हात नेला की खवलं आडवं येत्यात. ह्यो दोनीकडनं सारखाच लागतोय. फरशी पुसल्यागत." व्हार्निशच्या पाच थरांखाली माझ्या प्रत्येक खवल्याची धार बुजून गेली होती, आणि मी आरशात बघण्यात दंग होतो.

त्या दुपारी चाँदभाईंना मला दादासाहेबांकडे देता आलं असतं. गेणबांनी तसं सुचवलंही. कुणाच्या तरी डोळ्याला बरा दिसंल, तुमचं कष्ट वाया नगं जायाला, असं ते म्हणाले. चाँदभाईंनी मान हलवली आणि एक महिना मागून घेतला.

त्या महिन्यात त्यांनी टर्पेंटाइनमध्ये कापूस बुडवून माझं सगळं रूप पुसून काढलं. आधी चमक गेली, मग गुलाबी झाक, मग पाठीचा करडा रंग. मला फार वाईट वाटलं, पण काचेच्या डोळ्यांना रडता येत नाही. प्रत्येक खवल्याच्या कडेखालून त्यांनी जुन्या ब्लेडने व्हार्निश खरवडलं. ते बरोबर झालं का हे कळायला ते डोळ्यांवर हातरुमाल बांधून माझ्यावरून हात फिरवत. त्यांची बायको मेहबूबबी चहा घेऊन आली, तर नवरा डोळे बांधून मासा कुरवाळतोय. ती कप ठेवून मुकाट्याने आत गेली.

दादासाहेब पुन्हा आले तेव्हा मी राखेत लोळल्यासारखा दिसत होतो. ते उभ्या उभ्याच निघाले, आणि चाँदभाईंचा हात गेला असं पुढे बरेच दिवस लोकांना सांगत राहिले. त्या वर्षी चाँदभाईंकडे पुण्याचा एकही मासा आला नाही. तरी माझ्या फळीखाली आपल्या नावाची चिठ्ठी चिकटवायला ते विसरले नाहीत.

गेणबा दुसऱ्यांदा आले. डोक्याकडून शेपटीकडे हात नेला, मग उलटा फिरवला. एका खवल्याने त्यांचं बोट अडवलं, दुसऱ्याने अडवलं. उजव्या कुशीवर आल्यावर हात थांबला.

"ह्योच," ते म्हणाले.

चाँदभाई प्रत्येक गिऱ्हाइकाला सूचनांचा छापील कागद देत. ऊन लागू देऊ नये, ओल येऊ देऊ नये, मऊ ब्रशने धूळ झटकावी, हात लावू नये. गेणबांच्या कागदावरची शेवटची ओळ त्यांनी पेनाने खोडली.

मग माझे सुखाचे दिवस सुरू झाले. गेणबांची नजर दोन वर्षांत पुरती गेली. रोज दुपारचं जेवण झालं की ते माझ्याशेजारी बसत, उजव्या कुशीवर हात ठेवत आणि बोलत राहत. कुठल्या वर्षी पाणी कुठवर आलं होतं, कुठल्या बुडीत विहिरीवर जाळं अडकायचं, सगळं. गल्लीतली मुलं आली की ते त्यांना डोळे मिटायला लावत आणि त्यांचा हात धरून माझ्या अंगावरून आधी सुलट, मग उलट फिरवत. मुलं खिदळत. गेणबांची लेक स्वरूपा एमआयडीसीत दुधाच्या प्रकल्पात कामाला होती. ती रविवारी स्कूटीवरून आली की आधी माझी धूळ झटकायची. मांजराने माझा पोहायचा एक पर चावला, माझ्या तोंडात कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलं, कातडं पिवळं पडलं. उजव्या कुशीवर रोज हात फिरून फिरून तिथल्या खवल्यांची आधी धार गेली, मग ते एकेक करून सुटले. तळहाताएवढी जागा उघडी पडली. येणारे-जाणारे म्हणत, कशाला ठेवलंय हे ध्यान? पण माझ्यावर रोज हात फिरत होता, मला दुसरं काय पाहिजे होतं?

गेल्या हिवाळ्यात गेणबा वारले. थोडाच ताप आला होता.

घरात माणसांची रीघ लागली. कोणी मला कोपऱ्यात सारलं, कोणी माझ्यावर ओला टॉवेल टाकला. तेराव्यानंतर सगळे पांगले. टॉवेल निघाला, पण दुपारी माझ्याजवळ बसायला कोणी येईना. दगडाबाई माझ्यासमोरून ये-जा करत, पण हात लावत नसत. उभा जन्म मासे हाताळलेली ती बाई, पण मला तिने घरात कधी हात लावला नव्हता. रडतानाही मी तिला पाहिलं नाही. जेवण झालं की ती भांडी घासायला बसे, आणि घासलेलीच भांडी पुन्हा घासे.

वर्षश्राद्ध जवळ आलं. स्वरूपाच्या मनात आलं, आबांचा मासा नव्यासारखा करून आईपुढे ठेवावा. आई सकाळी बाजारात गेलेली पाहून तिने मला चादरीत गुंडाळलं आणि रिक्षात घालून थेट चाँदभाईंकडे नेलं. चाँदभाई आता ऐंशीला आले आहेत, हात थोडा कापतो. आईला विचारलंस का, असं त्यांनी स्वरूपाला विचारलं. ती म्हणाली, विचारलं तर गंमत काय राहिली, चाचा. खालच्या कप्प्यातून त्यांनी कटल्याच्या सुट्या खवल्यांची डबी काढली, डिंक कालवला आणि मला उजव्या कुशीवर उजेड पडेल असं वळवलं. ती उघडी जागा भरायची होती. चाँदभाईंच्या हाताखाली मला कधी भीती वाटली नव्हती, तेव्हा वाटली. ओरडावं म्हटलं, पण तोंडात कापूस कोंबलेला.

पहिला खवला चिमट्यात असतानाच दगडाबाई दारात आल्या. फळी रिकामी पाहून त्यांनी लेकीला फोन केला होता आणि मिळेल ती एसटी पकडली होती. अंगावर बाजारातलंच लुगडं, श्वास लागलेला. स्वरूपा समजावू लागली, की आई, काही बिघडलेलं नाही, एवढा उघडा भाग भरला की मासा होता तसा होईल.

दगडाबाई माझ्याजवळ आल्या आणि पहिल्यांदाच त्यांनी मला हात लावला. डोळे मिटले. शेपटीकडून हात उलटा नेला. खवले बोटांना अडत गेले, अडत गेले, आणि उघड्या जागेवर आल्यावर अडेनासे झाले. हात तिथे आपोआप बसला. जागा त्यांच्या तळहातापेक्षा थोडी मोठी होती. वर्षभराचं रडू तेव्हा बाहेर आलं. चाँदभाईंनी चिमटा खाली ठेवला.

"एवढं भरू नका, भाऊ," त्या म्हणाल्या. "हितं त्येंचा हात हाय."

मित्रांनो, मी आता पुन्हा घरी आहे. माझ्यासारख्या जुन्या वस्तू तुमच्याही घरात असतील. त्यांना ओल लागू देऊ नका, धूळ झटका, मांजरापासून जपा. पण एखादी जागा झिजलेली दिसली, तर दुरुस्त करायच्या आधी ती कोणाच्या हाताने झिजली ते घरातल्या मोठ्यांना एकदा विचारा. माझं एवढंच मागणं आहे. दुपारचं जेवण झालं की दगडाबाई आता माझ्याजवळ बसतात. त्यांना बोलायची सवय नाही, त्या नुसता हात ठेवतात. परवा तिथला आणखी एक खवला सुटला. त्यांनी तो उचलून पदराला बांधला आणि पुन्हा हात ठेवला.